दसऱ्याला केळी हिरवीच राहिली तेव्हा

"बाई, केळी ताजी आहेत ना?" असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाचा मला भारी राग यायचा. ताजं हवं तर हिरवं खा की बापा! झाडावरून नुकतं उतरवलेलं केळं दगडासारखं असतं. त्याचा चीक कपड्यावर पडला तर त्या डागापुढं धोबीही हात टेकतो. तुम्ही जे पिवळं, मऊ, नुसतं सोललं की जिभेवर विरघळणारं केळं खाता ते ताजं नसतं, ते पिकवलेलं असतं. आणि ते पिकवणारं कोणीतरी असतं. नागपुरात आमच्या भागात ते कोणीतरी म्हणजे मी. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून आग्रह झाला तेव्हा मी संपादकांना आधी हेच ऐकवलं. ते म्हणाले, मग हेच लिहा.

हा धंदा माझ्या सासऱ्यांचा. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. सोयरीक जुळत होती तेव्हा 'पोराच्या घरी भट्टी आहे' एवढंच ऐकून माझी मावशी उठून उभी राहिली. "दारूवाल्याच्या घरी पोरगी देता काहून गा?" म्हणून तिनं माझ्या बापाला धारेवर धरलं. मामाजींनी पिशवीतून केळ्यांची एक पिवळीधम्मक फणी काढून तिच्यासमोर ठेवली. "आमच्या भट्टीत हेच निघते, बाई," म्हणाले. मावशीनं बोलता बोलता अर्धी फणी संपवली आणि माझं लग्न ठरलं.

केळ्यांची भट्टी म्हणजे एक बिनखिडकीची, जाड भिंतींची, ठेंगण्या दाराची खोली. भुसावळकडून वॅगननं किंवा सेलूकडून ट्रकनं हिरवे घड यायचे. ते आत उभे रचायचे, खाली-वर केळीची वाळली पानं घालायची. कोपऱ्यात भोकं पाडलेलं एक मडकं. त्यात गोवऱ्या आणि धानाचं तणस असं पेटवायचं की जाळ होऊ नये, नुसता धूर व्हावा. मग दार लावून त्याच्या सगळ्या फटी शेणामातीनं लिंपून टाकायच्या. उन्हाळ्यात धूर कमी, हिवाळ्यात जास्त, आणि पावसाळ्यात आपलं नशीब. आतलं काही दिसत नाही. दाराच्या लिंपणाला नाक लावून वास घ्यायचा. धुराच्या वासाखालून एक गोडूस वास वर यायला लागला की दार उघडायचं आणि घड वाऱ्याला ठेवायचे. रंग चढतो तो त्यानंतर.

मामाजींचा नियम एकच होता. "एकदा दार लिपलं का मंग कोनी बी येऊ दे, कलेक्टर येऊ दे, उघडाचं नाई."

पहिल्यांदा त्यांनी मला बरोबर घेतलं तो हिवाळा मला अजून आठवतो. संध्याकाळी वाऱ्याला ठेवलेले घड हिरवेच होते. सकाळी मी ओसरीत आले तर कडेकडेनं पिवळी झाक, आणि दुपारपर्यंत सगळी ओसरी पिवळी. कोणी हात लावला नाही, कोणी रंग दिला नाही. दगडाचं लोणी झालं होतं. मी पदर तोंडाशी धरून उभीच राहिले. "मामाजी, हे कसं होते वो?" विचारलं तर म्हाताऱ्यानं बिडी शिलगावली. "मले काय ठाव? मी जलमभर पाहून राहिलो, मले अजून नाई समजलं. तुले समजलं तर मले बी सांग."

मामाजी गेले, भट्टी माझ्याकडे आली. नवरा गिरणीत होता, त्याला या कामाची चीड होती. मला मात्र ते दार उघडताना दर खेपेला छातीत धडधडायचं, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत.

दुकानावर माणसं तऱ्हेतऱ्हेची यायची. एक नवखा मास्तर लग्न ठरल्यावर अख्खा घड मागायला आला. कशाला म्हटलं, तर म्हणे उद्या माझं केळवण आहे, केळी न्यायला नकोत का? मी पदर तोंडात कोंबला. "मास्तर, ते जेवायचं बोलावणं होय. तुमी फक्त भूक घेऊन जा," असं सांगून त्याला एक फणी दिली आणि वाटेला लावला. चतुर्थीला, एकादशीला उपासवाल्यांची झुंबड असे. त्यांच्यातल्या काहीजणी केळ्याला काळा ठिपका दिसला की नाक मुरडत. अहो, तो ठिपका दिसला की समजायचं आत साखर झाली. पण सांगणार कोणाला?

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक सर दरवर्षी यायचे. मुलांना दाखवायला त्यांना केळीचं अख्खं झाड लागायचं, मुळापासून घडापर्यंत. सेलूच्या ट्रकवाल्याला सांगून मी ते आणवायची. एकदा ते म्हणाले, "बाई, हे झाड नाहीच." मी म्हटलं, सर, काय थट्टा करता? त्यांनी माझ्याच अंगणात बसकण मारली आणि कांद्याचे पापुद्रे काढावेत तशी त्या बुंध्याची एकेक सोपटं काढायला लागले. खोड निघेचना. सगळी पानांचीच देठं, एकात एक गुंडाळलेली. अगदी मधोमध पांढरा गुळगुळीत दांडा निघाला. सर म्हणाले, "फूल जमिनीखाली, कंदात तयार होतं. मग या सगळ्या पानांच्या पोटातून हा दांडा वर चढतो, शेंड्यातून बाहेर पडतो आणि मग मान खाली घालतो. आयुष्यात एकदाच. घड दिला की ही केळ संपली. तोवर बुडाशी मुनवे, म्हणजे तिची पिल्लं, वाढत असतात."

"म्हंजे बाईच की हो सर," मी म्हटलं. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

पण त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. इतकी वर्षं घड विकले, आणि हा घड अंधारातून असा चालत वर येतो हे मला माहीत नव्हतं. बरं, वर आल्यावर पुन्हा मी त्याला अंधारातच कोंडते. जाण्याआधी सरांनी एक केळं उभं चिरून आतले बारीक काळे ठिपके दाखवले होते, बी व्हायचं राहून गेलेले. ते डोळ्यांपुढून जाईनात. बी नाही, खोड नाही, लाकूड नाही, आणि तरी हे सगळ्या मुलखाला जेवू घालतं! मी हात जोडले. देवाबिवाला नाही, त्या सोललेल्या सोपटांनाच.

आणि घोषबाई. रेल्वेतल्या एका साहेबाची बायको, बंगाली. तिला पिकलं केळं कधी नकोच. केळफूल हवं, मधला गाभा हवा, कच्ची केळी हवीत. आम्ही ज्याला कचरा म्हणायचो ते ती रुमालात बांधून न्यायची. "दीदी, ये फेंकना मत, हमारे लिए रखना," हे तिचं ठरलेलं वाक्य. नवरात्रात तिच्या पूजेला केळीचं लहानसं झाड लागायचं. त्या झाडाला लाल काठाची साडी नेसवून, डोक्यावर पदर देऊन गणपतीशेजारी त्याची बायको म्हणून उभं करतात. एकदा ती मला पाहायला घेऊन गेली. मांडवातल्या एवढ्या थोरामोठ्या मूर्तींत ती केळ नव्या नवरीसारखी खाली मान घालून उभी. मी आपली तिच्याकडेच पाहत राहिले. नंतर मी घोषबाईला चिडवायची, "काय वं, तुमची सून बरी हाय ना?" ती म्हणायची, "बहुत अच्छी है, कुछ बोलती ही नहीं."

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. आणीबाणी उठून गेल्यानंतरचा एक दसरा.

आमची वस्ती बौद्धांची. आमच्या मागच्या पिढीला कोणाच्या पंगतीत जागा नव्हती. लग्नाघरी लाकडं फोडायची, मांडव घालायचा, आणि पंगत उठली की उष्टी पानं उचलायची. त्या पानांवरचं घरी आणून खायचं. छप्पन सालच्या दसऱ्याला आमच्या लोकांनी ते सगळं टाकून बुद्धाचा धम्म घेतला. तेव्हापासून दरवर्षी दसऱ्याला गावोगावची माणसं नागपुरात दीक्षाभूमीवर येतात. रेल्वेनं, ट्रकनं, पायी. पांढरी वस्त्रं, हातात निळे झेंडे, डोक्यावर गाठोडी. आमच्या रस्त्यावरून ती माणसं जायला लागली की नुसतं पाहत राहावं. संपतच नाहीत. इतकी माणसं, आणि सगळी आपली!

त्या वर्षी दौलतबाबांच्या मनात आलं की आपल्या दारावरून कोणी उपाशी जाऊ नये. दौलतबाबा म्हणजे आमच्या वस्तीतले जाणते, गिरणीत आयुष्य गेलेलं. दसऱ्याच्या सकाळी येणाऱ्या प्रत्येकाला मुरमुरे-फुटाणे आणि दोन केळी द्यायची असं ठरलं. केळी माझ्याकडे. "सुलोचना, पिकली पायजे बरं," ते मला रोज येऊन सांगायचे. "लहानपणी मी बापासंगं पानं उचलाले जायचो. लोकं जेवत, आमी भिताडामागं उभे. आता मले माह्या हातानं वाढाचं हाय. मरायच्या आधी एक डाव." मी म्हटलं, बाबा, चिंता नका करू, माझी केळी आजवर चुकली नाहीत.

सेलूचा ट्रक उशिरा आला. तरी पुरता वेळ होता, फक्त वाया घालवायला नव्हता. मी घड रचले, धुरी घातली, दार लिंपलं. मग मला माहेरी खाप्याला आईला आणायला जावं लागलं. तिला दसरा पाहायचा होता आणि एकटीनं येणं होत नव्हतं. जाताना दौलतबाबांना राखणीला बसवलं. "बाबा, दाराले हात लावाचा नाई." "अवं, मुंगी बी आत नाई जाऊ देत," म्हणाले आणि खाट टाकून दारातच बसले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी आईला घेऊन परतले. दारापाशी गेले, लिंपणाला नाक लावलं. वासच नाही. ना धुराचा, ना गोडाचा. माझ्या तोंडचं पाणी पळालं. दार ओढलं. मडकं गार पडलेलं आणि घड हिरवेगार. कुठं कुठं एखादी फणी उगाच पिवळट झालेली, बाकी दगड.

"बाबा, दार उघडलं होतं का?"

"नाई वं! म्हंजे... आत कोनाले जाऊ नाई देलं. निस्ता माल दाखवला. बाहेरूनच."

"कोणाला दाखवला?"

मग हळूहळू निघालं. मुरमुरे आणून देणारे आले, त्यांना दाखवलं. भजनी मंडळ आलं, त्यांना दाखवलं. बाजूच्या वस्तीतले पाहुणे, त्यांच्या बायका, सगळ्यांना. "आमच्या वस्तीचं दान पाहा" म्हणून ते दार उघडायचे, लोक कौतुकानं आत डोकावायचे, आणि बाबा पुन्हा दार लावून घ्यायचे. "दर डाव नव्या शेणानं लिपलं मी," ते म्हणाले, "तुह्यापेक्षा बी चांगलं."

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. कपाळावर हात मारून घेतला, घडाला लाथ मारली, आईनं मला आवरलं. म्हातारा भिंतीला टेकून उभा होता. लहानपणासारखा, पुन्हा भिंतीशीच. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही भान नव्हतं. "माह्या हातानं झालं," एवढंच म्हणत होता. "मीच लोकाईले उपाशी ठेवलं." मग माझा राग कुठं गेला कोणास ठाऊक. मला रडू फुटलं.

मुरमुरे तेवढे होते. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाच्या हातावर नुसते मुरमुरे? कोणी म्हटलं कार्बाइड टाका. तेव्हा त्या पुड्या बाजारात यायला लागल्या होत्या. त्यांनी उद्या सकाळपर्यंत साल पिवळं झालं असतंही, आतला ठोकळा तसाच. आपल्या माणसांना ते द्यायचं? मी नाही म्हटलं. पुढं याच पुड्यांनी माझी भट्टी बंद पाडली, लोकांना रंग हवा होता, चवीचं कोणाला पडलं होतं? पण ते जाऊ द्या.

अशा घोळात घोषबाई पूजेसाठी केळीची पानं न्यायला आली. आम्ही सगळे तोंडं पाडून बसलेले. काय झालं ते तिला सांगितलं. तिनं भट्टीत डोकावून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला!

"दीदी, इसमें रोने का क्या है? हमारे यहाँ तो यही असली केला है. ये तो सब्ज़ी है!"

आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात ते आलंच नव्हतं. मी जन्मभर केळं पिकवलं म्हणून मला कच्चं केळं म्हणजे बिघडलेलं काम वाटायचं. अन्न वाटायचंच नाही. ही बाई वर्षानुवर्षं माझ्या दुकानातून तेच नेत होती आणि मी तिला हसत होते.

तिनं पदर खोचला. तिच्या मांडवात नवमीची पूजा चालू होती, तिथं तिची वाट पाहत असतील, पण ती हलली नाही. आमच्या अंगणात, आमच्या बायकांच्या मधोमध जमिनीवर बसली आणि सांगत गेली. हाताला तेल लावा, नाहीतर चिकानं काळे होतील. सोलू नका, सालासकट उकडा, मग साल आपोआप सुटतं. तिनं बोटानं दाबून पाहिलं आणि जी केळी थोडी पिकायला लागली होती ती वेगळी काढली, "ये मीठा हो गया, इसका भजिया." सालंसुद्धा फेकू दिली नाहीत. बारीक चिरून हिरवी मिरची, लसूण, मोहरीवर परतायला लावली. मी चाखली आणि पुन्हा चाखली. ज्या सालावर पाय घसरतो एवढंच मला माहीत होतं, त्याची ही चटणी?

रस्सा मात्र आमच्या बायकांनी नागपुरी केला. खोबरं, तीळ, काळा मसाला, तिखट असं की घोषबाईला ठसका लागला. घराघरातून तांदूळ निघाले. कोणाला सांगावं लागलं नाही. पहाटे रस्त्याच्या कडेला चुली पेटल्या, आणि वर चढवलेल्या मोठ्या गंजात ती उकडलेली केळी रश्श्यात पडली. बटाट्यासारखी दिसत होती, पण बटाट्याला नसलेली एक आंबूस-गोडूस चव रश्श्यात उतरली. मी चुलीपाशी उभी होते आणि मनात एकच होतं. काल ज्याला लाथ मारली तेच हे. त्याला पिकायला वेळ मिळाला नाही, तरी त्यानं पोट भरायचं सोडलं नाही. काय म्हणावं या फळाला!

उजाडलं आणि माणसं यायला लागली. पांढऱ्या कपड्यांची ती रांग रस्त्याच्या टोकापासून वळून येताना दिसली तेव्हा आमच्या बायका भात ढवळायच्या थांबल्या. आता मुरमुऱ्यांशिवाय हातावर देण्यासारखं काही राहिलं नव्हतं. भात-भाजी म्हणजे बसवूनच वाढावं लागणार. म्हणून मुरमुऱ्यांच्या जागी पंगत झाली. रस्त्याच्या दोन्ही कडांना केळीची पानं मांडली, घोषबाईनं तिच्या पूजेची पानंही त्यातच दिली. दौलतबाबा धुतलेलं धोतर नेसून बादली घेऊन उभे होते. पण वाढायला पुढं होईनात. रात्रीत म्हातारा आणखी वाकला होता. "लोकं थुंकतीन वं," म्हणाले. "दसऱ्याले कच्चं केळं. मी नाई वाढत. तू वाढ."

मी त्यांच्या हातावर पळी ठेवली. "बाबा, तुमीच वाढाचं. मी नाही हात लावणार."

पहिल्या ओळीला माणसं बसली. एक आजी मात्र ओळीच्या टोकाशी उभीच होती. मराठवाड्याकडची असावी, पाय धुळीनं भरलेले, हातात गाठोडं. ती बाबांना म्हणाली, "दादा, ही पंगत कुणाची हाय? आमी बसलो तर चालंल का?"

बाबांनी पळीनं तिला ओळीतलं रिकामं पान दाखवलं.

"आपलीच होय, माय," ते म्हणाले. "बस."

ती बसली. बाबा तिच्यापुढं वाकले, भात वाढला, त्यावर केळ्याचा रस्सा. आजीनं घास कालवला, तोंडात घातला, चावला. बाबा तिथंच वाकलेले, मागं होईनात. सारी ओळ भाजीची वाट पाहत होती. आजीनं दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. मग पानावरचा भात बोटांनी निपटून घेतला आणि पान पुढं सरकवलं.

"बाबा, अजून वाढ की," म्हणाली.

दौलतबाबा ताठ झाले. बादली तशीच हातात धरून त्यांनी मागं वळून माझ्याकडे पाहिलं, आणि साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असे ओरडले, "सुलोचना! अवं, अजून मांगून राहिली वं!"